ठाण्यातला बागेचा जुना बंगला: रिनोव्हेट केलेला तयार घ्यावा की जुनाच घेऊन आपण दुरुस्त करावा?

जुन्या ठाण्यात, म्हणजे नौपाडा, चरई, घंटाळी, उथळसर, खारकर आळी या पट्ट्यात बागेसकट जुना बंगला घ्यायचा म्हटलं की दोनच प्रकारचे बंगले समोर येतात. एक म्हणजे कोणीतरी आधीच विकत घेऊन आतून बाहेरून नवाकोरा केलेला, बागेत लॉन टाकून, दिवे लावून आता चढ्या किमतीला विकायला काढलेला. दुसरा म्हणजे घरच्या लोकांनी दोन-तीन पिढ्या वापरला तसाच असलेला, कौलं गळतायत, बागेचं रान झालंय आणि भावंडांत वाटणी करायचीय म्हणून विकायचाय. कधीकधी एकाच गल्लीत दोन्ही मिळतात. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही दोन्ही प्रकार बघितले. पहिल्या प्रकारच्या एका बंगल्यात तर लीव्ह अँड लायसन्सवर राहिलोही, मालकाचं म्हणणं होतं की आधी राहून बघा, आवडला तर करार संपायच्या आत व्यवहार करू. तिथे एक अख्खा पावसाळा काढला आणि शेवटी दुसऱ्या प्रकारचा घेतला, तिथून चालत जायच्या अंतरावर. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेलच, पण तयार बंगला घेणारा चुकतो असं मला म्हणायचं नाही, प्रत्येकाच्या घरची गरज वेगळी असते. एरिया किती, रेट काय, गाड्या किती लागतात हे सगळं दलाल सांगतोच, ते इथे लिहीत नाही.

आधी तयार बंगल्याच्या बाजूने बोलतो कारण त्याच्या जमेच्या बाजू खऱ्याच आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे कागद. विकणारा एकटा असतो, त्याने घेतानाच सर्च रिपोर्ट (म्हणजे जुने व्यवहार आणि मालकी तपासल्याचा वकिलाचा अहवाल), प्रॉपर्टी कार्डावर नाव लावणं, जुन्या भाडेकरूला मार्गी लावणं हे सगळं करून ठेवलेलं असतं. बँक लोन पटकन देते. आम्हाला जुन्या बंगल्यासाठी एका बँकेने सरळ नाही म्हटलं आणि दुसरीने स्ट्रक्चरल ऑडिट करून आणा, इमारतीचं उरलेलं आयुष्य इंजिनिअरकडून लिहून आणा, मग बघू असं सांगितलं. तयार बंगल्याला ही कटकट झाली नसती. बाथरूम चांगली, वायरिंग नवीन, किचन वापरायला सोपं, सामान आणून टाकायचं आणि राहायला जायचं. ज्यांच्या घरी दोघंही नोकरीला आहेत, मुलं दहावी-बारावीत आहेत त्यांनी गवंड्यांच्या मागे पळत बसावं असं मी तरी म्हणणार नाही.

मुद्रांक शुल्कात दोन्हीकडे फरक नाही, घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते ती दोन्हीकडे सारखीच.

वयाबद्दल एक सांगतो, कारण किंमत वाढवायला हाच मुद्दा वापरतात. बरेच दलाल जुनं घर दाखवताना पेशवेकालीन आहे असं सांगून मोकळे होतात. मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून १७३७ ला घेतलं आणि १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेलं, म्हणजे मधली जेमतेम ३७ वर्षं. तेव्हाचं घर आज उभं असेल तर कागदात, नकाशात कुठेतरी त्याची खूण असणारच, ती मागा. आपण बघतो ते बंगले आणि वाडे बहुतेक करून १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुरू झाल्यानंतरचे, त्यातही बरेचसे विसाव्या शतकातले, नोकरदार आणि वकील मंडळींनी बांधलेले. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट त्या काळातलं सागवान आणि काम दोन्ही उत्तम. दुसरी गंमत कौलांची. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं आणि काही कौलांवर सालही असतं, ते दाखवून हा बंगला १८६५ चा असं सांगतात. ते कारखाना सुरू झाल्याचं साल असतं, बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा आहे, आणि त्याच ठशाची कौलं पुढे कित्येक वर्षं निघत होती. घराचं वय बघायचं तर सिटी सर्व्हेचा जुना उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि जुनं खरेदीखत बघा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमचा निर्णय एकाच गोष्टीवर झाला आणि ती म्हणजे भिंतीची ओल.

तो रिनोव्हेटेड बंगला आम्ही पहिल्यांदा बघितला तेव्हा ऐन उन्हाळा होता. पांढऱ्याशुभ्र भिंती, हॉलच्या भिंतीला खालून कमरेएवढं लाकडी पॅनेलिंग, खाली मोठ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, बाहेर हिरवंगार लॉन. हिला तर पडवीतच बसून राहावंसं वाटलं. राहायला गेलो, जून उजाडला, पहिले पंधरा-वीस दिवस काहीच नाही. जुलैच्या मध्यात आईच्या खोलीत वास यायला लागला, ओल्या पोत्याचा असतो तसा, आधी वाटलं कपाटातल्या गाद्यांचा असेल म्हणून गाद्या बाहेर काढल्या, वास तसाच. मग पॅनेलिंग खालच्या कडेला फुगायला लागलं, मागे एमडीएफ होतं, बोटाने दाबलं तर आत जायचं. पॅनेलिंगच्या वर हातभर अंतरावर रंगाला फोड आले, फोड फुटून पोपडे पडायला लागले, रोज सकाळी फरशीवर पांढरा चुरा, झाडून काढला की दुसऱ्या दिवशी परत. आईचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तर मागच्या प्लायवर हिरवी-काळी बुरशी. तिला आधीच खोकल्याचा त्रास, तिने काही तक्रार केली नाही पण ती दुपारची पडायला आमच्या वरच्या खोलीत यायला लागली तेव्हा मला कळलं.

मालक सज्जन माणूस, लगेच वॉटरप्रूफिंगवाल्याला पाठवलं. त्याने भिंतीवर केमिकल मारलं, वर पुन्हा पुट्टी. ओल तिथून गेली आणि शेजारच्या भिंतीवर हातभर आणखी वर निघाली. मग हॉलमधला टीव्हीमागचा स्विचबोर्ड बंद पडला, इलेक्ट्रिशियनने प्लेट उघडली तर आतल्या डब्यात पांढरी भुकटी साचलेली आणि स्क्रू गंजून हिरवे-तपकिरी झालेले. त्या वेळी दुसऱ्या बंगल्याचा अंदाज घ्यायला आम्ही चिपळूणकडचे एक वयस्कर गवंडी बोलावले होते, ते योगायोगाने इथे आले होते. त्यांनी ती भुकटी चिमटीत घेतली, जिभेला लावली, थुंकून टाकली आणि म्हणाले, लोणा आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, हा आता थांबायचा नाही, सिमेंट काढल्याशिवाय थांबायचा नाही.

त्यांनी जे समजावलं ते नंतर मी इंजिनिअर मित्राकडूनही पडताळून घेतलं, ते असं. जुनी भिंत विटेची, सांध्यात चुना-सुरखी (सुरखी म्हणजे विटेची भुकटी), वरून चुन्याचाच गिलावा. त्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नव्हता, जमिनीतलं पाणी विटेतून वर चढणार हे धरूनच बांधकाम केलेलं. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, भिंतीत चढलेली ओल त्याच्यातून बाहेर उडून जाते, पावसाळ्यात भिंत थोडी दमट होते आणि दिवाळीपर्यंत आपोआप सुकते. रिनोव्हेशन करताना ठेकेदार काय करतो, तो जुना गिलावा ठोकून काढतो कारण तो भुसभुशीत दिसतो, त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा करतो, वर पुट्टी, वर प्लॅस्टिक इमल्शन. झालं, ओलीची बाहेर पडायची वाट बंद. ती वाट शोधत आणखी वर चढते आणि येताना जमिनीतले क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात, ते फुगतात आणि आतून रंग आणि पुट्टी ढकलून देतात. नुसता रंग गेला तर एक वेळ चाललं असतं, पण तेच क्षार विटेचं तोंडही खातात, काही वर्षांनी वीट हाताने खरवडली तरी पडते.

त्यात फरशीने भर घातली. जुन्या घरात खाली एकतर शहाबादी किंवा रंगीत सिमेंटच्या नक्षीच्या टाइल्स असायच्या, सांध्यांतून थोडी ओल वर यायची आणि उडून जायची. त्या काढून सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स लावल्या, त्या पाणी बिलकूल सोडत नाहीत, मग घराखालची सगळी ओल कडेला सरकते आणि भिंतीत शिरते. काढलेल्या त्या नक्षीच्या टाइल्स कुठे गेल्या विचारलं तर डेब्रिजमध्ये. १९२२ पासून मुंबईत भारत फ्लोअरिंगसारख्या कंपनीने अशा सिमेंट टाइल्स बनवल्यात आणि अजून बनवतात, म्हणजे दोन-चार फुटलेल्या असत्या तरी जोड मिळाली असती, सगळ्याच काढायची गरज नव्हती असं आपलं मला वाटतं.

ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खाडी जवळ, जमिनीतलं पाणी वर. पुण्यात कदाचित हेच सिमेंट इतकं त्रासदायक ठरणार नाही, तिथलं मला माहीत नाही म्हणून बोलत नाही. इथे मात्र आम्ही एसी ड्राय मोडवर दिवसभर चालू ठेवून पावसाळा काढला आणि तरी पुस्तकं दमट, चपलांना बुरशी, पापड मऊ. मालक म्हणाले काळजी करू नका, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये रंगारी येऊन खालचा पट्टा खरवडून नवा करून जातो. त्या वाक्यावर आमचं ठरलं. कारण मग लक्षात आलं की असे बंगले दिवाळी ते मे या काळातच का दाखवतात.

बागेचं पण त्याच्याशीच नातं आहे, हे आधी आमच्या डोक्यात आलं नव्हतं. जाहिरातीत प्रायव्हेट गार्डन लिहिलेलं असतं आणि आपण हिरवं दिसलं की खूश होतो. त्या बंगल्यात बाग सपाट करायला भरणी टाकलेली, जोत्याच्या दगडाच्या दोन पायऱ्या मातीत गेलेल्या, आणि भिंतीला लागून सगळीकडे पेव्हर ब्लॉक. म्हणजे आधी जोतं जमिनीपासून गुडघाभर वर होतं ते आता वीतभर राहिलं. वर लॉनला रोज पाणी, मेक्सिकन लॉनला ते लागतंच, आणि उतार घराकडे. बागेला घातलेलं पाणी आईच्या खोलीच्या भिंतीत चाललं होतं. जुनी माणसं घराभोवती दगडी गटार आणि बाहेरच्या बाजूला उतार ठेवायची, पन्हळीचं पाणी त्यातून थेट लांब जायचं, ते गटार बुजवून त्यावर दिवे लावले होते.

झाडांचं म्हणाल तर पाम, अरेका, फायकसचं कुंपण, दिसायला नीट, पानगळ कमी, माळी आठवड्यातून एकदा आला तरी चालतं. सावली मात्र नाही आणि फूल तोडायला नाही. शेजारी बावीस-तेवीस मजल्याचा टॉवर झालाय, त्याच्या सगळ्या गॅलऱ्या बरोबर लॉनवर उघडतात, हिला संध्याकाळी तिथे बसायचा संकोच वाटायचा. तिथे आधी आंबा आणि फणस होते असं समोरच्या काकूंनी सांगितलं, ते असते तर वरून काहीच दिसलं नसतं. तयार बंगला घेताना हे नक्की विचारा की मोठी झाडं काढली असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी कुठे आहे. १९७५ चा झाडं जतनाचा कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांपेक्षा जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. कागद नसेल तर ते प्रकरण उद्या तुमच्या गळ्यात येऊ शकतं.

आम्ही घेतलेल्या बंगल्याची बाग पहिल्या दिवशी बघवत नव्हती. गुडघाभर गवत, तुटलेल्या कुंड्या, कोणीतरी टाकलेलं जुनं कमोड, आणि विहिरीवर पत्रा. पण माती मूळ पातळीवर होती आणि जोतं पूर्ण उघडं, काळ्या दगडाच्या चारही पायऱ्या दिसत होत्या. एक हापूस, एक रायवळ, दोन नारळ, फणस, कुंपणाला जास्वंद आणि अनंत, मागच्या दाराशी पारिजातक, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू. टॉवर इथेही शेजारी आहे, उन्हाचा तास दीड तास त्याने खाल्लाय हे खरं, पण आंब्याखाली बसलं की वरचं कोणी दिसत नाही आणि आपणही कोणाला दिसत नाही. आईला बागेत सकाळी फुलं मिळतात, ऋषिपंचमीच्या भाजीला अळू आणि कंदमूळ घरचं झालं. विहिरीचा गाळ काढला, डासांसाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून गप्पी मासे आणून सोडले, आता मेमध्ये पाणीकपात असली तरी झाडांना नळाचं पाणी लागत नाही. एक धोका सांगून ठेवतो, शेजारी बेसमेंटचं खोदकाम सुरू झालं आणि पंप लावून पाणी उपसायला लागले की आपल्या विहिरीचं पाणी खाली जातं आणि जुन्या भिंतींना तडे जाऊ शकतात, त्यामुळे शेजारचे प्लॉट रिडेव्हलपमेंटला गेलेत का ते दोन्ही प्रकारात आधी बघा. आणि काम सुरू व्हायच्या आधी आपल्या भिंतींचे तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा.

आता आपण घेतलेल्याचे दोष लपवणार नाही. कागदांनी आम्हाला घाम फोडला. वारसदार एक डोंबिवलीत, एक पुण्यात, एक अमेरिकेत, एक बहीण वारलेली आणि तिची मुलं वेगवेगळ्या ठिकाणी. प्रत्येकाची सही, अमेरिकेतल्या माणसाची पॉवर ऑफ अॅटर्नी, प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव, वारस नोंद आधी, विक्री नंतर. एकाने अर्ध्यातून जास्त पैसे मागितले. मागच्या आउटहाउसमध्ये जुना भाडेकरू होता, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अशा भाडेकरूला चांगलं संरक्षण आहे, तो मनाने आणि योग्य मोबदला घेऊन निघाला म्हणून व्यवहार झाला, नाहीतर मी टोकन परत मागणार होतो. चांगला वकील, तीस वर्षांचा सर्च, पेपरात जाहीर नोटीस, यातलं काहीही वाचवू नका.

खर्च ठरवल्यापेक्षा बराच वर गेला आणि वेळ तर विचारूच नका. छपरातले वासे वरून सुंदर दिसत होते, भिंतीत गेलेली टोकं वाळवीने पोकळ केलेली, खाली उतरवल्यावर कळलं. पण सगळे बदलावे लागले नाहीत, सुताराने खराब टोक कापून जुन्याच सागाचा सांधा जोडून दिला, पाडकामातून निघालेलं जुनं सागवान मुंबईत, ठाण्यात विकत मिळतं. कौलं उतरवून धुऊन फुटकी तेवढी बदलली. चुन्याचं काम करणारे गवंडी मिळणं हा खरा प्रश्न. ठाण्यातल्या दोन ठेकेदारांनी तर सांगितलं की चुना आता कोणी करत नाही, सिमेंटच मारा, वर गॅरंटी देतो. त्याच चिपळूणच्या गवंड्यांना आम्ही थांबून बोलावलं. त्यांनी आवारातच हौद केला, चुना विरवून भिजत ठेवला, त्यात वाळू आणि विटेची भुकटी, गूळ आणि हिरड्याचं पाणी. ते घाई करू देत नव्हते. एक थर, मग तो ओला ठेवत सुकू द्यायचा, मग दुसरा. मला कितीतरी वेळा वाटलं की आता पुरे, पण ते ऐकायचे नाहीत. वरून रंगही चुन्याचाच, थोडा डाग पडतो, कपड्याला लागतो, मुलं टेकून बसली की पाठ पांढरी. ज्यांना एकदम गुळगुळीत, एकसारखी भिंत लागते त्यांना ती आवडणार नाही हे मान्य.

पण मग पावसाळा आला. आईच्या खोलीची भिंत जुलैमध्ये खालून हातभर गडद झाली, हात लावला तर गार लागायची, पोपडा एकही नाही. वास नाही. गणपतीनंतर ऊन पडायला लागलं तशी फिकी होत गेली आणि दसऱ्याला कुठे ओल होती ते मला शोधूनही सापडेना. कोपऱ्यात एका ठिकाणी थोडा चुरा पडला, गवंड्यांना फोन केला तर म्हणाले, ब्रशने झाडा आणि चुन्याचा हात मारा, भिंत बाहेर टाकतेय ते टाकू द्या. वीजबिल किती कमी आलं वगैरे मी मोजत बसलो नाही, पण एसी त्या खोलीत आता रात्रीच लागतो आणि आई दुपारी खालीच झोपते.

नवी मुंबईचं पण बरेच जण विचारतात, की एवढं करण्यापेक्षा वाशी-नेरूळला सिडकोची रो-हाउस घेऊन पुढे-मागे बाग केली तर. वाईट पर्याय नाही, रस्ते रुंद, कागद एका खिडकीवर, आणि बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज तर चार्ल्स कोरियांनी ८० च्या दशकात आखलेलं, अंगणाची घरं बघायची तर तिथे एक चक्कर मारावीच. पण जमीन मूळची सिडकोची ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची, आम्ही बघितलं तेव्हा विकताना त्यांचं ना-हरकत आणि ट्रान्सफर चार्जेस लागायचे. ज्याला जुन्या घराचीच ओढ आहे त्याचं मन तिथे रमेल असं मला वाटत नाही. आम्ही ते दोन शनिवारांत सोडून दिलं.

तर तुम्ही ठरवताना काय बघावं. वेळ नाही, लोन मोठं काढायचंय, घरी लगेच राहायला जायचंय, तर रिनोव्हेटेड घ्या, फक्त तो ज्याने केला त्याने चुना वापरलाय का हे बघा. असे अगदी थोडे का होईना पण आहेत, एक आम्ही उथळसरला बघितला होता, मालकाने स्वतः राहायला केलेला, त्यात मी डोळे झाकून गेलो असतो, तो विकायचा नव्हता. बाकी ठिकाणी भिंतीवर नखाने ओढून बघा, सिमेंटवर पुट्टी असेल तर कडक लागतं, चुना असेल तर थोडी भुकटी येते. एखाद्या कोपऱ्यातला स्विचबोर्ड उघडायला सांगा. पॅनेलिंग असेल तर खालची एक पट्टी काढून दाखवा म्हणा, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही तो काढून दाखवतो. बाहेर जाऊन जोत्याच्या पायऱ्या मोजा, किती उघड्या आणि किती मातीत. पेव्हर ब्लॉक भिंतीला चिकटून आहेत का, पन्हळीचं पाणी कुठे जातं.

आणि बंगला खूपच आवडला असेल, बाकी सगळं जमत असेल आणि भिंत सिमेंटची निघाली, तर मागे फिरायचीही गरज नाही. किमतीत तेवढं कमी करून घ्या: भिंतींचा खालचा कमरेच्या थोडा वरपर्यंतचा गिलावा आतून बाहेरून काढायचा, क्षार निघेपर्यंत भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवायची, मग चुना करायचा, भिंतीला लागून निदान हातभर रुंदीचे पेव्हर ब्लॉक उचलून तिथे चर काढून खडी भरायची, आणि पाण्याचा उतार बाहेरच्या बाजूला करायचा. आमच्या गवंड्यांनी आम्हाला त्या पहिल्या बंगल्यासाठी हाच खर्च काढून दिला होता, तो आणि मालकाची किंमत मिळून जुना बंगला घेऊन दुरुस्त करण्याच्या वर जात होता, म्हणून आम्ही तिथे पुढे बोलणीच केली नाहीत. तुमच्या बाबतीत हिशोब वेगळा येऊ शकतो, तो टोकन द्यायच्या आधी करा, आणि जमलं तर एकदा ऑगस्टमध्ये, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर, दलालाला न सांगता मालकाला फोन करून बघायला जा.